गोविंदाच्या जिममधली साबणबंदी

बाळकुममध्ये प्रोटीनमधलं आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं गोविंदाचं ठाम मत होतं. वडिलांच्या भातशेतीवर उठलेल्या इमारतीत तळमजल्याला त्याची जिम होती आणि बायको निशिगंधा प्रोटीनवरच पीएचडी करत होती. आणखी काय पाहिजे?

एका संध्याकाळी तिने परिषदेत द्यायचं भाषण त्याला म्हणून दाखवलं. प्रोटीनची साखळी जागोजागी स्प्रिंगसारखा पीळ घेते. त्यात डिटर्जंट मिसळलं की तो पीळ बिघडतो, कित्येकदा सुटतोच. पुढचं गोविंदाला ऐकूच आलं नाही. पीळ हा शब्द त्याने आजवर फक्त दंडासाठी वापरला होता.

सकाळी निशिगंधा उरलेलं लिखाण उरकायला डोंबिवलीला आईकडे गेली आणि इकडे साबणबंदी लागू झाली. प्रोटीन ढवळायचे शेकर नुसत्या पाण्याने विसळायचे, बनियन नुसत्या पाण्यात पिळायचे आणि स्पर्धा होईपर्यंत अंगालाही साबण लावायचा नाही. शरीरसौष्ठव स्पर्धा तोंडावर आलेली आणि जिमची सगळी भिस्त हर्षित या एकाच पठ्ठ्यावर. त्याने नियम इतका मनापासून पाळला, की आईने त्याचं ताट जिन्यात वाढायला सुरुवात केली.

वरच्या मजल्यावरच्या हेमाकाकूंनी गटार तुंबलंय म्हणून प्लंबर बोलावला. तो बिचारा वासाचा माग काढत जिममध्ये शिरला आणि हर्षितच्या शेकरपाशी येऊन थांबला.

स्पर्धेच्या दिवशी निशिगंधा परस्पर मैदानावर पोचली. हर्षित स्टेजवर आला तसे शेजारचे स्पर्धक एकेक पाऊल सरकत पार कडेला गेले. मधल्या मोकळ्या जागेत सगळा उजेड एकट्या हर्षितवर! परीक्षकांनी जवळ न जाताच त्याला पहिला नंबर दिला. मुख्य परीक्षक हात लांब करून म्हणाले, "बाळा, पट्टा तूच घालून घे."

गोविंदाचे डोळे भरून आले. "बघितलंस निशी? साबण बंद केला नि पीळ राहिला."

निशिगंधाने नाकावरची ओढणी न काढताच सगळं विचारून घेतलं. मग तिने शांतपणे सांगितलं, की तिचं प्रोटीन टेस्टट्यूबमधलं असतं. दंडाचा पीळ वेगळा. आणि शेकरमधल्या प्रोटीनचा पीळ तर पोटात सुटतोच, कारण पचन म्हणतात ते तेच.

गोविंदाचा चेहरा पार उतरला. तिला दया आली. शिवाय अर्धवट माहिती देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"तसं नेहमीच सुटतो असंही नाही," ती म्हणाली. "काही प्रोटीन्स डिटर्जंटमध्ये उलट जास्त पीळ घेतात."

गोविंदा तिच्याजवळ सरकला. मग आजूबाजूला कुणी ऐकत नाही हे बघून त्याने हळूच विचारलं,

"पावडर, की लिक्विड?"