आबांची पोथी आणि माझा टॅब्लेट

काही विकत घ्यायचं निघालं की अख्खं न्हावरे गाव माझ्याकडं येतं. मोटर कुठली बसवायची, फ्रीज कुठला घ्यायचा, मोबाईल कुठल्या कंपनीचा, सगळं सत्यजीतला विचारा! मी रांजणगावच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मालातल्या चुका काढायचा पगार मिळतो मला. त्यामुळं आबांना वाचायला कुठलं यंत्र घ्यायचं असा विषय घरात निघाला, तेव्हा मी कॉलर ताठ केली आणि म्हणालो, "हे माझ्यावर सोडा!" तेवढं बोललो नसतो तर आज गावातून मान वर करून चाललो असतो.

आबा म्हणजे माझे वडील, पोपटराव. श्रावणात आमच्या मारुतीच्या देवळात रोज संध्याकाळी पोथी लागते. पाटावर बसून ती वाचायचा मान आबांचा. त्या महिन्यात सरपंचसुद्धा आबांपुढं खाली सतरंजीवर बसतो. पण गेल्या श्रावणात आबांच्या डोळ्यांनी दगा दिला. एक ओवी दोनदा वाचली, पुढच्या दोन गिळल्या आणि वनात गेलेला राजा जायच्या आधीच परत आणला! बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आमचे शेजारी माऊली आप्पा सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पोपटराव, आता बास करा. डोळं गेलं तुमचं. पुढल्या साली पाटावर मी बसतो."

आबा त्या दिवशी न जेवता झोपले. नंतर वर्षभर डेअरीत दूध घालायला जाताना ते लांबच्या रस्त्यानं जायचे, देऊळ दिसू नये म्हणून. बघून फार वाईट वाटायचं हो! मोतीबिंदू काढला, चष्मा बदलला, मोठ्या टायपाची पोथी आणली. तरी अक्षर पुसटच. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हवं तेवढं अक्षर मोठं करता येईल असं काहीतरी घ्या." आणि श्रावण तर तोंडावर आलेला. पहिल्या दिवशी आबांना वाचता आलं नाही, तर पाट कायमचा आप्पांकडं जाणार होता.

"माझ्या करुणाताईकडं ई-रीडर आहे," नीलम म्हणाली. नीलम माझी बायको, आणि करुणाताई तिची थोरली बहीण, दौंडला शाळेत शिकवते. "एकदा बघून तर येऊ."

गेलो दौंडला. ताईनं कपाटातून एक पातळ, राखाडी पाटी काढून माझ्या हातात दिली.

"रंगीत नाही?" मी विचारलं.

"नाही."

"व्हिडिओ?"

"नाही."

"फोन लागतो?"

"नाही हो."

"मग करतात काय याचं?"

"वाचतात," ताई म्हणाली.

मी पान उलटून बघितलं. स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि मग पान आलं. "ताई, माझ्या लाइनीवर असा पीस आला तर लाल टॅग लावून बाजूला काढीन मी!" मी हसत सुटलो. "एवढी वस्तू घ्यायची आणि ती एकच काम करणार? त्यापेक्षा टॅब्लेट घेऊ. पोथी वाचा, बाजारभाव बघा, कीर्तन ऐका!"

"आबांना एकच काम करायचंय," नीलम म्हणाली.

"तुला यातलं कळत नाही."

ती पुढं काही बोलली नाही. नीलम गप्प बसली की मी जिंकलो असं मला लग्न झाल्यापासून वाटत आलंय.

येताना न्हावऱ्याला न उतरता तसाच पुढं शिरूरला जाऊन झकास टॅब्लेट घेतला. आईनं, म्हणजे विठाबाईंनी, दारातच त्याला ओवाळलं. मी पोथी उघडून दिली, अक्षर चांगलं सुपारीएवढं केलं. आबांनी पहिली ओवी खणखणीत वाचली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सत्या, दिसतंय रं! सगळं दिसतंय!" मी नीलमकडं बघून भुवया उडवल्या.

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट करून घरी आलो, तर टॅब्लेट आईच्या मांडीवर, त्यावर मालिका चालू.

"आई, आबांनी सराव करायचाय ना?"

"करतील की! ती धाकली सून घरातनं गेली का ऱ्हायली, तेवढं कळू दे मला!"

त्याच्या पुढच्या दिवशी आलो, तर ओसरीवर आबा दोन्ही हात हवेत नाचवत होते. "धर! धर पट! आरं सोडतूस कशाला भाड्या!"

"आबा, काय चाललंय?"

"कुस्ती! आन् पोथी कुठं पळून चाललीय का? ही निकाली हुंदी, मंग बघू."

मग रोज कुस्त्या. आबांनी श्रावणाच्या तोंडावर जेवढे डाव बघितले तेवढ्या ओव्या वाचल्या असत्या, तर पोथी पाठ झाली असती. पण मी निवांत होतो. अक्षर दिसतंय ना, मग झालं! पहिल्या दिवसासाठी मी रजासुद्धा टाकली. आमच्या अनुपमा मॅडम रजेच्या बाबतीत फार कडक. देवळात पोथी आहे म्हटलं असतं तर त्यांनी मला सेकंड शिफ्टला बसवला असता. म्हणून फोनवर आवाज जड करून म्हणालो, "मॅडम, वडिलांना ॲडमिट केलंय. तब्येत जरा जास्तच आहे." खोटं बोलायचं तर दमदार बोलावं, असं माझं मत होतं.

पहिला दिवस उजाडला. संध्याकाळी देऊळ गच्च भरलं. आबा धुवट धोतर नेसून पाटावर बसले. समोर चौरंगावर टॅब्लेट आडवा ठेवला. शेजारी माईक, आणि त्याचा कर्णा कळसावर, म्हणजे वाचन पार डेअरीपर्यंत ऐकू जाणार. माऊली आप्पा पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. त्यांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता, त्यावरूनच त्यांचा बेत कळत होता.

आता आमच्याकडची पद्धत अशी, की वाचन सुरू व्हायच्या आधी पोथीची पूजा होते आणि मग आलेला प्रत्येक माणूस पोथीवर कपाळ टेकवतो. मी दुकानात सगळं तपासलं होतं. पाणी पडलं तर काय, हातातून सुटला तर काय. टॅब्लेट कपाळप्रूफ आहे का, हे विचारायचं मात्र राहून गेलं!

पहिली आई. तिनं ओल्या कुंकवाचं बोट काचेवर टेकवलं आणि पानं भराभर पळाली ती थेट शेवटच्या आरतीवर.

"आरं, संपली बी?" आबांनी माईकवर विचारलं.

मी धावत जाऊन बाहीनं कुंकू पुसलं, तर अक्षर मोठं मोठं होत गेलं आणि अख्ख्या काचेवर एकटा काना उभा राहिला. तो नीट करून मागं सरतोय तोवर सिंधूबाई आल्या. आमच्या आळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, आणि भाविक इतक्या, की कपाळ टेकवलं की लवकर उचलायचं नावच घेत नाहीत. त्यांनी डोकं टेकवलं, आणि कर्ण्यातून आवाज घुमला:

"आणि ढाक लावलीय! ढाक लावलीय! पैलवान चीतपट!"

सिंधूबाई दचकून मागं बसल्या. मी ते बंद करेपर्यंत डेअरीतली माणसं दुधाच्या किटल्या तिथंच टाकून धावत आली. "कुठं हाय आखाडा? कुणी पाडलं कुणाला?" आली ती आली, आणि देवळात पाऊल टाकलंच आहे तर दर्शन घेऊ म्हणून रांगेत उभी राहिली! आता एकामागून एक कपाळ चौरंगावर येऊ लागलं. कुणी झेंडू वाहतंय, कुणी गुलाल टाकतंय, उदबत्त्यांचा धूर नुसता कोंडलाय. मी रांगेच्या पार मागं ढकलला गेलो.

आणि तेवढ्यात टॅब्लेट वाजायला लागला. व्हिडिओ कॉल! टॅब्लेट माझ्याच नंबरावर चालू केलेला, पण फोन कुणाचा ते मला लांबून दिसेना. कुठल्या तरी भक्तानं डोकं टेकवलं आणि तो उचलला गेला.

"हॅलो, सत्यजीत? वडील कसे आहेत म्हणून फोन केला."

अनुपमा मॅडम! त्याही कर्ण्यावर!

आता जरा मॅडमच्या बाजूनं बघा. टॅब्लेट उताणा पडलेला. त्यांना वर दिसतंय काय, तर उदबत्तीचा धूर. वरून झेंडूची फुलं पडतायत. एकेक माणूस गंभीर चेहऱ्यानं हात जोडून वाकतोय आणि बाजूला होतोय. कोपऱ्यात आई पदरानं डोळे पुसतेय, कारण धूर तिच्या डोळ्यांत गेलाय.

"अरे देवा!" कर्णा बोलला. "सत्यजीत, गेले का रे वडील?"

सगळ्यांनी आबांकडं बघितलं. आबा चौरंगावर ओणवे झाले.

"कोण गेलं?"

"तुमचं दुःख मी समजू शकते," मॅडमचा आवाज भरून आला. "तू नेहमी सांगायचास त्यांच्या पोथीचं. शेवटपर्यंत वाचन चालू असेल त्यांचं..."

"आवं, चालू कुठलं! आजून सुरूच न्हाई झालं!"

मी माणसं तुडवत पुढं झेपावलो. पण मी पोहोचायच्या आत टॅब्लेटनंच मान टाकली. दुपारभर लाईट नव्हती आणि उरलीसुरली बॅटरी आबांच्या पैलवानांनी खाल्ली होती. काच काळी ठिक्कर. मी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, देवाचं नाव घेऊन दाबलं. काही नाही!

"झालं ना?" माऊली आप्पा उठले. त्यांनी सदरा खाली ओढला. "पोपटराव, उठा आता. पोथीचा खोळंबा बरा न्हवं."

काळ्या काचेत आबांना स्वतःचाच चेहरा दिसत होता, तो बघत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उठायला लागले. वर्षभर ज्या माणसानं या देवळाची वाट चुकवली, त्याला मीच इथं आणून बसवला आणि मीच उठवला. जमीन दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेलो असतो.

"आबा, उठू नका," बायकांच्या बाजूनं नीलमचा आवाज आला.

ती पिशवी घेऊन पुढं आली. आधी तिनं कापडात बांधलेली जुनी पोथी काढून चौरंगावर ठेवली. "डोकं टेकवायचं ते हिच्यावर," तिनं सगळ्यांना बजावलं. मग पिशवीतून ती राखाडी पाटी काढली आणि आबांच्या हातात दिली. "आणि वाचायचं यावर. ताईनं पोथी भरून दिलीय. काल दौंडला जाऊन आणली."

आबांनी पाटी डोळ्यांपुढं धरली. कागदासारखा पांढरा पडदा, त्यावर जाड काळं अक्षर. ना चकाकी, ना आवाज. त्यांनी पहिली ओवी मनातल्या मनात वाचली. मग सवयीनं जिभेला बोट लावून पानाच्या कडेवर टेकवलं. पान उलटलं!

"आगं, ही तर पोथीच हाय की!" आबा म्हणाले, आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली.

काय वाचलं म्हणून सांगू! एक ओवी सुटली नाही. राजा वेळेवर वनात गेला आणि वनातच राहिला. मी खांबाआड उभा राहून डोळे पुसत होतो, आणि माझ्या बाबतीत तो धूर नव्हता.

अध्याय संपला तरी आप्पा तिथंच उभे. ते आबांच्या कानाशी वाकले आणि हळूच बोलले. पण माईक मधेच होता, त्यामुळं ते गुपित डेअरीपर्यंत पोचलं.

"पोपटराव, खरं सांगू? मलाबी पोथी दिसत न्हाई. म्हनून वरीसभर पाठ करत व्हतो. पैलाच अध्याय झालाय बगा. उद्या काय केलं असतं मी?"

"मंग पाट कशाला मागत व्हता, मर्दा?"

"तुमचं बगून मला भ्या वाटाया लागलं व्हतं. आपलंबी आसंच हसं व्हईल म्हनून. पाटावर बसलो की माझं डोळं गेल्यालं कुणाला कळनार न्हाई, आसं वाटलं."

आबांनी पाटावर जरा सरकून जागा केली आणि आप्पांना शेजारी बसवून घेतलं.

इथं खरं तर गोष्ट संपायला हवी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कंपनीची गाडी थांबली. आतून अनुपमा मॅडम उतरल्या, मागं आमच्या डिपार्टमेंटची माणसं. सगळे खाली मान घालून उभे, हातात निशिगंधाचा हार. दार उघडलं आबांनी. "या, या! मी सत्याचा बाप," ते म्हणाले.

मॅडम एक पायरी मागं सरकल्या. आबांनी हार बघितला आणि खुलले. "आरं वा! कालचं वाचन पार रांजणगावला ऐकू गेलं का काय?" असं म्हणून त्यांनी सत्काराला वाकवतात तशी मान वाकवली. सगळ्यांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी मुकाट्यानं हार घातला. आबांनी सगळ्यांना चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. निघताना मॅडम मला हळूच म्हणाल्या, "तेराव्यापर्यंतची रजा मंजूर केली होती मी. आता दुपारीच शिफ्टला ये."

टॅब्लेट आता आईकडं असतो. धाकली सून घरात परत आली आहे, एवढंच मला त्याबद्दल कळतं.

काल माऊली आप्पा घरी आले. चष्मा पुसत म्हणाले, "सत्यजीत, मलाबी वाचायला एक यंत्र घ्यायचंय. जरा इचारायचं व्हतं."

मी कॉलर ताठ केली. खुर्ची पुढं ओढली. "विचारा की आप्पा! त्याचं असं असतं..."

"आरं तू न्हाई," आप्पा म्हणाले. "सूनबाई हाय का घरात?"

"हाय की," मी म्हणालो, आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेलो.