चोवीस सप्टेंबरची पोरं

माझा जन्म डोमाजीबाबूंनी शाळेच्या हापिसात, टेबलाशी बसून, टाकाने केला. तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते.

पुलगावहून नाचणगावकडे जाताना कापसाचं एक जुनं गोदाम लागायचं. त्यात आमचं हायस्कूल भरायचं, आणि डोमाजीबाबू तिथले एकुलते एक कारकून. शाळेत नाव घालायला जन्मतारीख लागते हे माझ्या आईला तिथे गेल्यावर कळलं.

"पोळ्याच्या आदल्या दिवशी झाली, बाबूजी. आमची कपिली व्याली त्या साली."

"गाईची नोंद मी करत नाई, बाई. पोरीची तारीख सांगा."

"थेच त सांगून राह्यली!"

बाबूजींनी चष्मा कपाळावर चढवला. "आ कर." बैलबाजारात पाहतात तसे त्यांनी माझे दात पाहिले आणि साल ठरवलं. तारखेसाठी मात्र त्यांना दात लागत नसत. ज्याची तारीख घरच्यांना ठाऊक नाही, तो त्यांच्या रजिस्टरात चोवीस सप्टेंबरलाच जन्मायचा. इतर शाळांत असली पोरं एक जूनला जन्मत, तसा रिवाजच होता. बाबूजींना त्या एक जूनचा भारी तिटकारा. "कागद बोलते, माणूस बडबडते," असं म्हणून ते टिपकागद दाबत, की विषय संपला.

एकदा तपासणीला साहेब आले. रजिस्टर चाळता चाळता त्यांचं बोट थबकलं.

"बाबू, अर्धी शाळा एकाच दिवशी जन्मली?"

"दिवस चांगला असन, साहेब."

"सगळ्यांची एक जून करा."

"करतो ना. पण दुरुस्तीले बापाची सही लागते, अन् बाप सारे वावरात हायेत. कापूस वेचून झाला का बलावतो."

कापूस दर वर्षी वेचून व्हायचा. बाप काही कधी आले नाहीत.

पुढे स्टेशनाजवळ नवी शाळा निघाली. तिला पक्की इमारत, मोठं मैदान. आमच्याकडे हवेत उडणारा कापूस आणि शिंका. पोरं एकेक करून तिकडे गेली. आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या सुमाराला आमची शाळा बंद झाली. उरलेल्या पोरांचे दाखले लिहायला बाबूजींनी चांगला आठवडा लावला. शाई कधीच वाळलेली असायची, तरी दाखला हातातून सोडवेना.

माझी पाळी आली तेव्हा मी विचारलंच, "बाबूजी, चोवीस सप्टेंबरच काऊन?"

त्यांनी रजिस्टरचं पहिलं पान उघडून दाखवलं. त्या तारखेला शाळा सुरू झाली होती.

"उद्या इथं सरकीची पोती भरतीन. शाळा होती हे कोण सांगन? तुमच्या कागदावर राहीन ते. तू तारीख बदलवू नको, बापा."

मी दाखला घेतला आणि पळाले.

त्या वर्षीच्या चोवीस सप्टेंबरला नव्या शाळेतून मी मुद्दाम गोदामावरून घरी आले. आत छतापर्यंत पोती. पायरीवर बाबूजी, धुतलेली टोपी घालून, मांडीवर बत्ताशांचा मोठा पुडा घेऊन बसलेले.

"ये! वाढदिवसवाली आली."

"बाकीचे कुठं हायेत?"

"येतीन ना."

संध्याकाळ होत आली होती आणि पुड्याच्या सुतळीची गाठ दुकानदाराने मारली तशीच होती. मी त्यांच्याशेजारी बसले.

"तुमचा वाढदिवस कधी असते, बाबूजी?"

"कागदावर एक जून हाये. खरा कोणाले ठाव? माय लहानपणीच गेली. मंग विचारू कोणाले?"

कागद बोलतो म्हणणाऱ्या माणसाचा स्वतःचा कागद असा होता. मी सुतळी सोडली.

"आ करा," मी म्हणाले.

ते हसले आणि त्यांनी खरोखरच आ केला. आत चार-पाच दात, तेही तंबाखूने काळे झालेले.

"साल काई सांगता येत नाई," मी म्हणाले, "पण तारीख चोवीस सप्टेंबर."

तोंड मिटायचं त्यांना सुचेना. मी त्यात एक बत्तासा टाकला.