हेरवाडे सरांकडे उतरलेला अर्थ

दहावीच्या इंग्रजीच्या पेपराआधी इंग्रजी वाक्प्रचारांचे अर्थ गावात मुक्कामाला येतात आणि शाळा घरोघर त्यांची सोय लावते. यंदा शकुंतलाबाई हेरवाडे यांच्या वाट्याला 'किक द बकेट'चा, शब्दशः बादलीला लाथ मारण्याचा, अर्थ आला, म्हणजे मरणे. आतल्या खोलीत त्यांचे यजमान, इंग्रजीचे निवृत्त शिक्षक हेरवाडे सर, दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेले होते.

शकुंतलाबाईंनी दार अर्धंच उघडलं. "चौगुले, ह्या पावण्यांना दुसरीकडं न्या की."

चौगुले शाळेचा शिपाई; पण बोलायचा शिक्षणाधिकाऱ्याच्या वरताण. "वहिनी, बदली होत न्हाई. पावणा परत पाठवला, तर पोरांच्या पेपरात त्याची जागा कोरी ऱ्हाती."

शेजारच्या मगदूमकाकूंकडे 'पीस ऑफ केक'चा अर्थ उतरला होता: अगदी सोपं काम. तो झोपाळ्यावर लोळत पडलेला. शकुंतलाबाईंनी अदलाबदलीचं विचारून पाहिलं. "पोरगी बाळंतपणाला आलीया गं माझी," एवढंच म्हणून काकूंनी दार लावलं. त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

पाहुणा मात्र सज्जन निघाला. त्यानं बूट बाहेर काढले, बशीत ओतून चहा घेतला. "बादली तेवढी नजरेआड ठेवा," तो संकोचून म्हणाला. "पोरं उगाच तिच्याबद्दल विचारतात."

शकुंतलाबाईंनी बादली परसात नेली आणि आतल्या दारात पाट टाकून मेथी निवडायला बसल्या. काडी कुठली, पान कुठलं, काही दिसत नव्हतं.

"घाबरू नका. मी पेपरासाठी आलोय."

"मग आत काय बघताय?"

"खोकला ऐकू आला."

"कोण आलंय गं?" आतून सरांनी विचारलं.

"कुणी न्हाई."

"खोटं बोलू नको. जन्मभर पोरांना शिकवलाय मी तो अर्थ. पाठव आत."

शकुंतलाबाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी सरच भिंत धरधरून दारापर्यंत आले. पाहुण्यानं वाकून नमस्कार केला, आधार देऊन त्यांना पलंगावर नेलं. मग दोघं जुन्या प्रश्नपत्रिका आठवून हसत बसले. नवऱ्याचं हसू ऐकून शकुंतलाबाईंना बरं वाटलं, तरी दारातला पाट त्यांनी उचलला नाही.

पेपर झाला. सगळे अर्थ एसटीनं परत निघाले. चौगुले न्यायला आला, तेव्हा पाहुणा बॅग घेऊन उंबऱ्याशी घुटमळत होता.

"निघायचं न्हवं?" चौगुले म्हणाला.

"सर म्हणतात, थांब."

शकुंतलाबाईंनी गर्रकन आत पाहिलं. सर उशीला टेकून त्यांच्याकडेच बघत होते. "थकलो गं मी आता," ते म्हणाले.

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. चौगुलेनं दोनदा घसा खाकरला. शकुंतलाबाई चौकट धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी पाहुण्याच्या हातातून बॅग घेतली.

"आधी दोघंही जेवून घ्या," त्या पाहुण्याला आणि सरांना म्हणाल्या.