भोंगाडे काकांचा सेफ लोड

“सोड! सोड ते! पाठ मोडशील बे, सोड म्हणतो ना!”

मी घाबरून बॅग सोडली. ती माझ्याच पायावर पडली आणि आतली लोणच्याची बरणी फुटली. दुर्गहून नागपूरची गाडी सुटायला जेमतेम वेळ होता, खाली ऑटोवाला हॉर्न बडवत होता, आणि वरच्या मजल्यावरून आत्माराम भोंगाडे काका स्प्रिंगचा काटा परजत माझ्यावर चालून येत होते.

“एका खांद्यावर कावून घेऊन राहिला? खांद्यानं माणूस हमाल होते, कंबरेनं माणूस चालते! आण इकडं.”

काट्याचा हूक जिन्याच्या कठड्याला, माझी बॅग काट्याला, आणि काकांचं नाक काट्याच्या आकड्याला. मग त्यांनी बॅग उघडून सासूबाईंसाठी घेतलेला तांदूळ, जाडजूड चादर आणि फुटकं लोणचं बाहेर काढलं, उरलेल्या बॅगेचे पट्टे आवळले, ती माझ्या पाठीवर अशी चढवली की मला वाटलं आपण बॅगेसकटच जन्माला आलो. वजन खरोखरच गायब झालं. आणि गाडी मिळाली, कारण काकांच्या धाकानं त्या दिवशी रेल्वेही उशिरा आली असावी.

भिलाईच्या मरोदा वस्तीतल्या आमच्या ब्लॉकमध्ये तीन मजले. तळाला तिवारी कुटुंब, मध्ये आम्ही, वर भोंगाडे काका आणि विमलकाकू. काका मूळचे भंडाऱ्याकडचे. भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे आमच्या भाषेत ‘प्लांट’मध्ये, रिगर होते, म्हणजे क्रेननं उचलायच्या मालाला दोर, साखळ्या, पट्टे बांधणारे. उभ्या आयुष्यात त्यांनी बांधलेला एकही माल खाली पडला नाही. ते स्वतःच सांगायचे, म्हणून तेवढं मी सोडून देतो. पण रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्या ब्लॉकलाच क्रेन समजायला सुरुवात केली, हे मात्र शंभर टक्के खरं.

सुरुवात झाली ती आपत्कालीन बॅगेपासून. “भूकंप, आग, पूर, काहीही येवो, बॅग उचलली की निघालो,” असं म्हणत काकांनी एक बॅग भरली. भरली म्हणजे काय, तिच्यात एक छोटंसं गाव बसवलं. स्टोव्ह, ताडपत्री, दोर, कंदील, कुऱ्हाड, दोन पातेली. ती पाठीवर घेऊन काका पहिल्यांदा उभे राहिले आणि हळूहळू मागे झुकत जाऊन पलंगावर उताणे पडले. पालथ्या कासवासारखे हातपाय हलवत होते. काकूंनी आधी चहा घेतला, मग त्यांना उचलायला माझ्या बायकोला हाक मारली.

त्या दिवशी काकांना साक्षात्कार झाला.

“दिलप्या,” मला म्हणाले, “क्रेनच्या अंगावर लिहिलं राहते का नाही, इतक्या टनाच्या वर उचलायचं नाही म्हणून? सेफ लोड. लोखंडाच्या अंगावर लिहिते आन् माणसाच्या अंगावर कावून नाही लिहीत?”

“माणसाला कळतं ना, काका.”

“घंटा कळते! माणूस लाजंकाजं उचलते आन् मंग कंबर धरून बसते.”

त्यांनी बॅगेच्या झाकणावर पिवळ्या रंगानं चौकोन रंगवला आणि आत काळ्या अक्षरात स्वतःचा सेफ लोड लिहिला. दुर्गच्या बाजारात एका चप्पल शिवणाऱ्याला धरून पट्ट्यांची शिलाई उसवली आणि पुन्हा घातली, कंबरेचा रुंद पट्टा लावून घेतला. तो कारागीर शेवटी हात जोडून म्हणाला म्हणे, “बाबूजी, इतने में तो मैं घोड़े की जीन बना देता.”

पण काकांचं समाधान होईना. दर महिन्याला ते बॅगेतून एकेक वस्तू कमी करू लागले. स्टोव्ह आमच्याकडे आला. ताडपत्री अजून माझ्या स्कूटरवर आहे. कुऱ्हाड तिवारींनी घेतली आणि काय करायची ते न कळून दाराआड उभी करून ठेवली. बॅग रोडावत गेली आणि एके दिवशी पाहतो तर काकांनी ती पाठीवरून काढून चक्क छातीवर बांधलेली. छातीला बॅग, वर मिशा, खाली हाफपँट. मरोद्यातली सगळी पोरं त्यांना ‘कांगारू काका’ म्हणायला लागली.

“पाठीवर काय झालं, काका?”

“पाठ रिकामी ठेवाची राहते.”

“कशासाठी?”

“तुले काय करायचं?”

दूध आणायला, पेन्शनच्या कामाला, नेहरू नगरला कुणाच्या बारशाला, काका सगळीकडे असेच जात. बारशाला त्यांनी बाळालाही काट्यावर घेतलं आणि “आत्ता हलकं हाय, उचलून घ्या किती घ्याचं ते,” असा आशीर्वाद दिला.

मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला तळमजल्यावर उभं केलं. समोर तांदळाचं पोतं. “हे घेऊन वर चढ.”

“कोणाचं आहे?”

“माह्याच घरचं हाय. चढ.”

मी चढलो. पहिल्या मजल्यावर माझे पूर्वज दिसले, दुसऱ्यावर त्यांच्याशी बोलणं झालं. वर पोचलो तर काका म्हणाले, “आता उतर. हळू. उतरताना गुडघा सांभाळ.” असं त्यांनी महिनाभर दर रविवारी केलं. कधी थोडा तांदूळ काढायचे, कधी घालायचे, माझा श्वास ऐकायचे, घोट्याकडे बघायचे. शेवटी एका रविवारी माझ्या दाराच्या चौकटीवर पिवळा चौकोन उमटला. आत लिहिलं होतं: ‘दिलीप ३०’.

येणारा-जाणारा विचारू लागला. मेव्हण्याला वाटलं माझं वय लिहिलंय, तो पोट धरून हसला. पोस्टमननं पत्ता बदलला समजून दोन पत्रं परत नेली. मी पुसायला गेलो तर काका वरून गरजले, “हात लावशील तर पाहा! लोड मिटवाचा नसते!”

तिकडे विमलकाकूंचंही काहीतरी बिघडलं होतं. या बाईच्या हातच्या पुरणपोळीसाठी मी पोतीच्या पोती वाहिली असती. पण गेलं वर्षभर त्या स्वतः गोडाला शिवत नव्हत्या. माझी बायको सुनंदा दिवाळीच्या करंज्या घेऊन वर गेली तर म्हणाल्या, “ठेव बाई. डॉक्टरनं मना केलं मले.” एरवी हा भातखाऊ मुलुख, आणि काकू एका पोळीवर उठायच्या. गुडघे दोन्ही गेलेले. खाली उतरणं जवळजवळ बंदच. खिडकीत बसून त्या सगळ्या ब्लॉकवर नजर ठेवत, आणि कोण कोणाशी बोलत नाही हे कोणी विचारण्याआधी सांगत.

आता त्या दिवसाचं सांगतो.

दुपारची वेळ होती. वास यायला लागला. आता दुसऱ्या गावात वास आला की लोक नाकानं शोध घेतात. आम्ही भिलाईकर नाकावर विश्वास ठेवत नाही. वास आला की आमचा एकच निर्णय ठरलेला: हवा प्लांटकडून आली. आणि एकच उपाय: खिडक्या लावून घ्या. सगळ्या ब्लॉकनं धडाधड खिडक्या लावल्या. खुद्द भोंगाडे काकांनी, आपत्तीच्या त्या अधिकृत प्रतिनिधीनं, गॅलरीत येऊन जाहीर केलं, “हवा पलटली! लावा खिडक्या!”

विमलकाकूच तेवढ्या बोलल्या. आतून आवाज आला, “अजी, हवा तर पडली हाय. आंब्याचं एक पान नाही हालून राहिलं. हा वास आपल्या जिन्यातला हाय.”

काका जिन्यात आले, वाकले, दोनदा श्वास घेतला आणि त्यांचा चेहरा तांदळासारखा पांढरा झाला. तळमजल्याला तिवारींचं दार. बाहेरून कुलूप. तिवारीजी ड्यूटीवर, तिवारीन भाभी गॅसवर दूध ठेवून पलीकडच्या ब्लॉकमध्ये उडदाच्या बड्या, म्हणजे सांडगे, घालायला गेलेल्या. दूध उतू गेलं असणार, शेगडी विझली असणार, आणि बंद खिडक्यांच्या घरात गॅस आपला भरत बसलेला.

“कोणी बटण दाबाचं नाही! घंटी नाही, पंखा नाही, काडी नाही! खिडक्या उघडा आन् उतरा!” काका ओरडले. आणि मग, “सुनंदा, तू भायेर मैदानात जा आन् तिथून फायर ब्रिगेडले फोन लाव! दिलप्या! तीस! वर ये!”

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी आकड्यानं हाक मारली आणि मी धावलो.

वर गेलो तर काकू आधीच खुर्चीत बसलेल्या. ही त्यांची रोजची वेताची खुर्ची. पण आज तिच्या पाठीला दोन रुंद पट्टे होते, कंबरेचा एक होता, आणि पुढच्या पायांना धरायला दोन दोराच्या कड्या. काकूंनी आपल्या पोटावरचा पट्टा स्वतःच बांधून घेतला होता आणि चष्मा पदरानं पुसत होत्या. जणू लग्नाला निघाल्या होत्या.

काकांची बॅग छातीवर होतीच. ते खुर्चीकडे पाठ करून खाली बसले, हात पट्ट्यांत घातले, कंबरेचा पट्टा आवळला. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला की पाठ रिकामी कशासाठी ठेवलेली होती.

“मी पुढं, तू मागं. कड्या धर. तुह्यावर तीस किलोच्या वर येणार नाही, भेवू नको. मी म्हणन तवाच उचल.”

“काका, पण काकू…”

“खुर्चीसकट अठ्ठावन्न,” काकू पुढे बघत म्हणाल्या. “सकाळीच पाहिलं.”

उचललं. देवाशपथ सांगतो, मी हत्ती उचलल्याच्या तयारीत होतो आणि हातात आलं ते माझं रविवारचं पोतं. तेवढंच. तोच भार, तीच बोटं, तोच गुडघा. काका एकेक पायरी उतरत होते, प्रत्येक वळणावर थांबून “टेक” म्हणत होते. आम्ही टेकवायचो, श्वास घ्यायचो, पुन्हा उचलायचो. एरवी तोफेसारखा बोलणारा हा माणूस तेव्हा इतका हळू बोलत होता की मला त्याच आवाजाची जास्त भीती वाटली. तिवारींच्या दारापुढून जाताना वास असा आला की डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी पदर नाकाला लावला आणि मोकळा हात मागे नेऊन तळवा काकांच्या टकलावर ठेवला. बस. आम्ही बाहेर होतो.

मैदानातल्या आंब्याखाली अख्खा ब्लॉक जमला होता. कोणी मिक्सर आणला होता, कोणी टीव्हीचा नुसता रिमोट. मी स्वतः एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात सुनंदाची सँडल घालून उभा होतो. फायर ब्रिगेडवाले आले, कुलूप तोडलं, शेगडीचं बटण फिरवलं, दारं उघडली, आणि थोड्या वेळानं “सब ठीक है” म्हणून निघूनही गेले. कोणाला खरचटलंही नाही. आम्ही सगळे एकदम इतके हलके झालो की उगाचच हसायला लागलो. तिवारीन भाभी मात्र रडत रडत चौकातून गरम जिलेबी घेऊन आल्या आणि ज्याच्या-त्याच्या तोंडात कोंबू लागल्या.

काकांनी छातीवरची बॅग उघडली. पाण्याची बाटली. गुडघ्याच्या गोळ्या. काकूंचा दुसरा चष्मा. काकूंचं स्वेटर. थोडे मुरमुरे. काकूंच्या नरम चपला. काकांचं म्हणावं असं त्यात काहीही नव्हतं.

“मागच्या साली माहे पाय सुजले होते ना,” काकू सुनंदाला सांगू लागल्या, “तुम्ही नागपूरले गेले होते तवा. ॲम्बुलन्सवाल्याचं स्ट्रेचर जिन्यात वळलंच नाही. ते म्हणे उतरवता नाही येत, डॉक्टर वर बोलवा. त्या दिवशीपासून या माणसाचं डोकं फिरलं. रोज पोतं घेऊन चढाचं-उतराचं. मी म्हटलं, एकट्यानं किती उचलान? थोडं मी बी कमी करतो.”

“म्हणजे डॉक्टरांनी गोड बंद केलं नव्हतं?” सुनंदानं विचारलं.

“कोणता डॉक्टर, बाई?” काकू म्हणाल्या, आणि भाभीच्या हातातल्या जिलेबीकडे बघून काकांना विचारलं, “आता खाऊ का जी?”

“वर जायचं हाय अजून,” काका म्हणाले. पण अर्धी तोडून त्यांच्या हातावर ठेवली.

मी काकांशी भांडायलाच लागलो. “काका, महिनाभर मला गाढवासारखं पोतं वाहायला लावलंत, दारावर आकडा रंगवलात, गावभर हसं केलंत. एका शब्दानं सरळ सांगायचं होतं ना, की काकूंना उतरवायची वेळ आली तर ये! मी नाही म्हटलं असतं का?”

काका वाकून काकूंच्या पायात नरम चपला घालत होते. त्यांनी वर पाहिलंही नाही.

“हो तर सारेच म्हणते,” ते म्हणाले. “मले लोड माहीत पाहिजे होता.”