कायच्यावरून सर

इंगळे सरांना कुणी म्हटलं, "सर, आज लई ऊन हाय," की ते खिशातला रुमाल काढून मानेवरचा घाम पुसतात आणि विचारतात, "कायच्यावरून?"

मस्करी नाही, खरंच विचारतात. नांदुऱ्याहून एसटीनं पाऊण तासावरच्या गावात आमचं कनिष्ठ महाविद्यालय आहे. तिथं सर इंग्रजी शिकवतात आणि मी गणित. पुरावा मागण्याचा हक्क खरं तर माझ्या विषयाचा, पण तो सरांनी केव्हाच पळवला. गावात एका मुलीच्या सोयरिकीची बैठक बसली होती. मध्यस्थ छातीठोकपणे म्हणाला, "पोरगा एकदम निर्व्यसनी." मागच्या सतरंजीवरून आवाज आला, "कायच्यावरून? आन् दुसरा सोर्स कोन?" मध्यस्थाला चहाचा असा ठसका लागला की पाठ चोळावी लागली. तेव्हापासून सरांना लोक लग्नात नुसतं जेवायला बोलावतात, बैठकीला नाही. सर स्वतः बिनलग्नाचे. हाच प्रश्न त्यांनी एखाद्या सासऱ्याला विचारला असणार, असा स्टाफरूमचा अंदाज आहे. अर्थात याला सोर्स नाही.

पोरांनी त्यांचं नाव पाडलंय 'कायच्यावरून सर'. सरांना ते ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही.

आमच्याकडे इंग्रजी निबंध म्हणजे गाइडातला उतारा घोकायचा आणि पेपरात ओकायचा. गेल्या वर्षी अकरावीला 'माझा आवडता ऋतू' लिहायला दिला, तर सगळ्या वर्गाचा आवडता ऋतू स्प्रिंग निघाला आणि सगळ्यांच्या अंगणात ट्यूलिप फुलले होते.

"ट्यूलिप कोनं कोनं पाह्यलं? हात वर करा."

एकही हात वर नाही.

"मंग हे कायच्यावरून लिवलं बे?"

एकानं गाइडऐवजी मोबाईलकडून निबंध करून घेतला होता. त्यात आमच्या गावच्या नदीत होड्या चालत होत्या. आमची नदी मार्चमध्ये पोरं क्रिकेट खेळायला वापरतात! सरांनी त्याच दिवशी सगळी गाइडं सुतळीनं बांधून कपाटात टाकली आणि जाहीर केलं, की आता प्रत्येकानं गावातली एक गोष्ट निवडायची, माणसांना जाऊन विचारायचं, आणि कोणी काय सांगितलं ते नावानिशी इंग्रजीत लिहायचं.

टिपणांसाठी कार्डं हवीत. ती कुठून आणायची? सरांनी गावभरच्या जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या. पुढं नवरा-नवरी, मागं कोरी बाजू. एका कार्डावर एकच माहिती, वर सांगणाऱ्याचं नाव. "एक सोर्स म्हंजे गप्पा," सर फळ्यावर खडू आपटून सांगत, "दोन सोर्स म्हंजे माहिती."

आणि काय सांगू, पोरं सुटलीच! पिठाची गिरणी, न्हाव्याचं दुकान, एसटीचा थांबा, कुठं म्हणून सोडलं नाही. म्हातारी माणसं आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर वाट बघत बसायला लागली. एक आजोबा तर थेट स्टाफरूममध्ये आले आणि भांडले, "मले कोनी काऊन इचारून नाही राह्यलं?" मीसुद्धा गणिताचे तास सोडून पोरांची कार्डं वाचायला लागले. एका पोरीनं इमानदारीनं सगळंच टिपून आणलं होतं. सोर्स सेज, सिट. सोर्स सेज, ड्रिंक टी. सोर्स सेज, हूज डॉटर आर यू. सर इतके हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली. मग म्हणाले, "बरोबर हाय बेटा, आपल्याकडे सोर्स असाच सुरू होते. पन चहाच्या पुढचं लिहाचं."

या सगळ्यात एका गोष्टीला मात्र कुणीच कधी 'कायच्यावरून' म्हटलं नव्हतं. थांब्यापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कडुनिंबाची झाडं आहेत. निबंधाचं मुख्य विधान कसं असावं, हे शिकवताना सर दरवर्षी फळ्यावर एकच वाक्य लिहीत आले, माय फादर प्लँटेड दीज ट्रीज. सर पाच वर्षांचे असताना वडील गेले. चेहरा आठवत नाही, घरात फोटो नाही. वडील म्हणून त्यांच्याकडे काय असेल तर ही झाडं.

प्रतीक्षा गवईनं नेमकी तीच निवडली. वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. एका दुपारी ती माझ्याकडे आली आणि कार्ड पुढं ठेवलं. तिची आजी मोठ्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर होती. आजीचं म्हणणं, झाडं कामावरच्या बायांनी लावली, सरांच्या वडिलांचा त्यात हातच नाही.

 त्या एका पत्रिकेच्या मागच्या बाजूला सरांचे वडील पणाला लागले होते. मी म्हटलं, "प्रतीक्षा, विषय बदल."

"काऊन मॅडम?"

"सरांना वाईट वाटेल."

"मंग सर आम्हाले शिकवून काय राह्यले?" ती म्हणाली. मी खाली बघितलं. आयुष्यभर पोरांना सिद्धता लिहायला लावणारी मी, पोरीला सत्य लपवायला सांगत होते. लाज वाटली.

तिनं कार्ड सरांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी ते तीनदा वाचलं.

"कायच्यावरून?" आवाज नेहमीसारखा नव्हता.

"आजी सांगते, सर. ती सोता होती कामावर."

"एक सोर्स म्हंजे गप्पा," सर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखे भाव आले. "दुसरा कोन?"

प्रतीक्षानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आजी म्हने, सराच्या मायले इचार."

सरांनी एक कोरं कार्ड तिच्या हातात दिलं. गावभर पोरं पाठवली, पण स्वतःच्या घरात हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. मग उठले. "चाल. मॅडम, तुमीबी चाला."

सरांच्या आई, कौसल्याबाई, दारात तूर पाखडत होत्या. प्रतीक्षाला त्यांनी बसवलं, चहाचं विचारलं, कोणाची पोरगी ते विचारलं. यातलं तिनं काहीही टिपलं नाही. सर उंबऱ्यावर आमच्याकडे पाठ करून बसले. पोरीनं प्रश्न विचारला तसं सूप थांबलं.

"हाव," कौसल्याबाई म्हणाल्या. "बायांनीच लावली. मानसं खडी फोडत, आमी खड्डे करो. म्या आन् तुह्या आजीनं डोक्शावर पानी वाह्यलं. याचा बाप त्याच उन्हाळ्यात गेला. त्यानं त एकबी रोप पाह्यलं नाही."

सरांनी मान वळवली नाही. "मंग मले काऊन सांगतलं व माय, बापानं लावली म्हून?"

"तू शाळेत जायाले रडे बापू. दुसऱ्या पोट्ट्यायले त्याहिचे बाप सोडाले येत. तुले कोन सोडन? म्या म्हतलं, झाडं बापानं लावली, तेच तुले शाळेपर्यंत सोडतीन. तू रडनं बंद केलं. मंग म्या काऊन खरं सांगू?"

 प्रतीक्षाचे डोळे भरून आले होते. "सर, हे लिहू का नको?"

"लिही," सर म्हणाले. "वर सोर्सचं नाव. आडनाव आधी. इंगळे, कौसल्या."

"माहं नाव कायले?" म्हातारी घाबरून पुढं सरकली. "त्याच्या बापाचं लिव्ह व बाई. त्याचं नाव कुठंच नाही."

सर उठले, आईजवळ येऊन जमिनीवर बसले. पोरीच्या हातून कार्ड घेतलं आणि आईचं नाव स्वतःच्या अक्षरात लिहिलं. मग हळूच विचारलं, "पानी कुठून वाहे व माय तू?"

"नाल्यावरून."

"आन् मी कुठं राहो तवा?"

"कुठं राहशीन? माह्या मांगंच. लोटा भरून आने आन् सगळा एकाच झाडाले टाके. बाकीचे बोलत, पन म्या तुले कधी रागावली नाही."

पुढच्या वर्षी निवृत्त होणारे आमचे इंगळे सर आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागले. मी प्रतीक्षाचा हात धरला आणि आम्ही दोघी बाहेर अंगणात जाऊन उभ्या राहिलो.