सभेत मांडा!

जोगळेकर सर बोलण्याआधी हात वर करतात. शिक्षकांच्या खोलीत करतात, बँकेच्या रांगेत करतात, काशीतल्या आमच्या दुर्गाघाटाच्या गल्लीत भाजी घेतानासुद्धा करतात. भाजीवाला भेंडी तोलायचं थांबवून काय झालं म्हणून विचारतो, "का भयल, मास्टर साहब?" मग सर हात खाली घेतात आणि अदबीनं दोन लिंबं मागतात.

ही सवय मुलांना सरांनी लावली आणि सरांना मुलांनी. मंगळागौरीजवळच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवते, सर नागरिकशास्त्र शिकवायचे. बाकीचे लोक नागरिकशास्त्र पुस्तकातून शिकवतात. सरांनी सरळ शाळाच मुलांच्या हाती दिली! पाणी, झाडलोट, वाचनालय, भांडणं, घंटा, सगळी खाती मुलांकडे. शनिवारी चौथ्या तासाला सभा. बोलायचं तर हात वर करायचा, अध्यक्ष म्हणेल तेव्हा उठायचं आणि दोन मिनिटांत आटपायचं. वेळ संपली की अध्यक्ष पूजेची छोटी पितळी घंटी वाजवणार. ती घंटी सरांनी घरून आणली होती. गेल्या वर्षीची अध्यक्ष नववीतली प्राची, दूधवाल्याची मुलगी. तिनं शाळेच्या प्रबंधकांचं भाषणसुद्धा दोन मिनिटांवर तोडलं होतं. प्रबंधक लालबुंद झाले आणि सर मागच्या बाकावर बसून टाळ्या पिटत होते.

सरांकडे काहीही घेऊन जा, उत्तर ठरलेलं. फळा उखडलाय? "सभेत मांडा." पोरं डबे पळवतात? "सभेत मांडा." एकदा मी म्हटलं, "सर, माझं डोकं फार दुखतंय." सर म्हणाले, "सभेत..." आणि जीभ चावली.

आता तो घंटेचा दिवस सांगते. शाळेची मोठी घंटा नववीतल्या ओंकारकडे होती. हातोडी त्याच्या दप्तरात असायची, कारण सरांचा नियमच होता, ज्याचं काम त्याचाच हात. पितृपक्षातला शनिवार होता. ओंकारचे वडील भटजी. त्यांनी पोराला ऐन वेळी हाताखाली घेतलं आणि पंचगंगा घाटावर नेलं. इकडे प्रार्थनेनंतर पहिला तास आपसूक सुरू झाला, पण संपेचना! मी दहावीला वर्गसमीकरणं शिकवत होते. ती संपली. उदाहरणं संपली. पुढचा धडा संपला. पोरं माझ्याकडे आणि मी दाराकडे बघत होते. शेवटी आमचे शिपाई छेदीलाल लोखंडी गज घेऊन निघाले, "हम ठोंक दें?" सर आडवे आले. मी तडक बाहेर गेले.

"अहो सर, घंटा वाजवा कुणीतरी!"

"सभेत मांडा."

"सभा चौथ्या तासाला आहे!"

"बरोबर."

"आणि इथे पहिलाच संपत नाहीये!"

सर विचारात पडले. त्यांनी हात वर केला, पण परवानगी द्यायला तिथे कुणी अध्यक्ष नव्हता, म्हणून तो तसाच खाली घेतला.

साडेअकराला ओंकार धापा टाकत आला. बोटात दर्भाचं पवित्रक तसंच होतं. त्यानं राहिलेले सगळे टोल एका दमात दिले आणि शाळेत असा जल्लोष उसळला की शेजारच्या गच्चीवरची माकडं पळाली. लगेच सभा भरली. सरांनी स्वतः ठराव मांडला: ज्याला काम सोडायचं असेल त्यानं आधी आपल्या जागी दुसरा माणूस तयार करावा, आणि सभेनं तो पसंत करावा. तोवर काम सुटणार नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला.

मार्चअखेर सर निवृत्त होणार होते. मी सहज म्हटलं, "आता घरी मस्त आराम करा." सर हसले. "घरी सभा भरत नाही हो. गणपूर्तीच होत नाही." मुलगा बंगळुरात असतो. वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली. ती पितळी घंटी वहिनींच्या रोजच्या पूजेतली होती, हे मला त्या दिवशी कळलं. मला फार वाईट वाटलं.

शेवटच्या शनिवारी सभेपुढे एकच विषय होता, सरांचा निरोप. हार, शाल, लवंगलतेची मिठाई, सगळं तयार होतं. प्राची उठली. "मतदान से पहले एक सवाल. सर, आपने अपनी जगह किसी को तैयार किया?"

सर गोंधळले. ओंकारनं हात वर केला. "सर, नियम तुमचाच आहे. माझ्यामुळे झाला होता, आता तुमची बारी!"

सर पुटपुटले, "नियम बरोबर आहे."

निरोपाच्या बाजूनं एकही हात वर आला नाही. माझाही नाही. प्रस्ताव नामंजूर! लगेच दुसरा ठराव आला: सरांनी गणिताच्या मॅडमना सभा चालवायला शिकवावं, आणि मॅडम तयार होईपर्यंत दर शनिवारी यावं. पोरं बाकांवर चढून ओरडत होती. कोपऱ्यात छेदीलालही हात वर करून उभे होते.

मग सरांनी हात वर केला. प्राचीनं परवानगी दिली. सर उठले. ओठ हलले, पण आवाज फुटेना. पोरं बाकांवरून खाली उतरली. मी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं झाली, तीन झाली. सर तसेच उभे होते. प्राचीनं घंटीची जीभ मुठीत घट्ट धरून ठेवली होती.

सर अजून दर शनिवारी येतात. सभा संपली की मला विचारतात, "काय, झालात का तयार?"

"अजून कच्चीच आहे, सर."

"हरकत नाही," सर म्हणतात, "पुढच्या शनिवारी बघू."