मास्तरांची दाढ आणि बागेतला बाक

दाढ अशी ठणकत होती की टेलरमास्तरांनी गिऱ्हाइकाच्या कोटाला डावी बाही उजवीकडे लावली. दाढ उपटली की सुटका होती. पण हृदयाची झडप बदलल्यापासून मास्तर रक्त पातळ ठेवायची गोळी घेत होते आणि रक्ताचा आकडा बेतात आल्याशिवाय दातवाले डॉक्टर चिमट्याला हात लावायला तयार नव्हते.

पहिल्या तपासणीत रक्त फार पातळ निघालं. हृदयाच्या डॉक्टरांनी गोळी तीच ठेवून आठवड्याने पुन्हा बोलावलं. दुसऱ्या खेपेला ते भलतंच घट्ट झालं होतं. मास्तर चक्रावले. उभा जन्म मापं घेण्यात गेला होता, पण आठवड्यागणिक बदलणारं माप त्यांनी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला आकडा बरोबर आला. मास्तरांना आनंदाने रडूच फुटायचं बाकी होतं.

"छान. गोळीशिवाय काय काय घेता?" हृदयाच्या डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले.

या खेपेला बायको आणि सून सोबत आल्या होत्या. बायकोने पदराशी चाळा केला. "म्हणजे, मी लसणाच्या कॅप्सूल देते. त्यांना जीवनसत्त्वाच्या म्हणून सांगते. मध्ये रक्त घट्ट झालं, तेव्हा दोनाच्या चार केल्या."

"आई, तुम्हीसुद्धा?" सून म्हणाली. "रक्त पातळ निघालं म्हणून मी बाबांना रोज हिरव्या पाल्याचा रस पाजतेय."

"अगं, मग सांगायचंस ना."

"तुम्ही रागावला असता."

मास्तर एकदा बायकोकडे, एकदा सुनेकडे बघत राहिले. आपल्या पोटात दोघींची रस्सीखेच चालू होती आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

"झाडपाल्याचंच आहे, त्यानं काय होतंय," बायको पुटपुटली.

"झाडपाल्यानंच झालंय, काकू," डॉक्टर म्हणाले. "आणि व्यायाम? त्यानंही फरक पडतो."

"रोज चाळीस मिनिटं भरभर चालतात," सून अभिमानाने म्हणाली.

मास्तरांनी मान खाली घातली. "बागेपर्यंत जातो. तिथं बाकावर बसतो. चाळीस मिनिटं."

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "हे बघा, शुक्रवारी दाढ काढायची आहे. तोवर यात काडीचाही बदल नको. लसूण तेवढाच, रस तेवढाच. नंतर एकेक बंद करू."

"आणि बाक?" बायकोने विचारलं.

"तोही तसाच."

त्या दिवसापासून बायको घड्याळ घेऊन बागेत सोबत येऊ लागली. गुरुवारी दाढेने कहर केला. मास्तरांना एका जागी बसवेना. ते उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन भरभर चालू लागले.

"अहो, खाली बसा बघू," मागून बायको ओरडली. "पस्तीसच मिनिटं झालीत."